मणक्यात गॅप सांगितलीय? ऑपरेशनच्या आधी काय काय करून बघायचं

कंबर धरली की घरात एकाच वेळी तीन सल्ले मिळतात: पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घे, आठवडाभर आडवा पडून राहा, आणि एमआरआय काढून टाक. पहिल्या दिवशी यातला एकही उपयोगाचा नाही. त्या दिवशी ठरवायचं ते एवढंच, की हे दुखणं घरी आणि व्यायामाने बरं होण्यातलं आहे की तातडीचं. शंभरातल्या नव्वदच्या आसपास लोकांच्या कंबरदुखीमागे नेमका कोणता भाग बिघडला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. स्नायू, सांधे, मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) यांपैकी काहीतरी दुखावलेलं असतं आणि बहुतेकांचं ते काही आठवड्यांत भरून येतं. उरलेले दहा मात्र ओळखता आले पाहिजेत, म्हणून सुरुवात तिथून.

आधी धोक्याच्या खुणा

कंबरदुखीसोबत लघवी तुंबली, लघवी किंवा संडास नकळत होऊ लागली, किंवा धुताना बसण्याच्या जागेला हाताचा स्पर्शच कळेना, तर त्याच दिवशी मणक्याचं ऑपरेशन होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात जायचं. रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. मणक्याच्या तळाशी घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा जुडगा असतो, तो दाबला गेलेला असू शकतो. अशा वेळी ऑपरेशन टाळण्यात शहाणपण नाही. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

पायात जोर आहे की नाही, हे घरीच बघता येतं. भिंतीला हात टेकून दहा पावलं फक्त टाचांवर चाला. मग एका पायावर उभं राहून टाच दहा वेळा वर उचला, नंतर दुसऱ्या पायाने तेच करा. चालताना चवडा वर राहत नसेल, चप्पल पायातून निसटत असेल, किंवा एका बाजूची टाच तीन-चार वेळांतच थकत असेल, तर त्या बाजूची नस कमजोर होत आहे. दुखण्यापेक्षा हा जोर महत्त्वाचा. दुखणं कमी झालं पण पाऊल लुळं पडत चाललं, तर ती सुधारणा नव्हे. असं दिसलं तर एक-दोन दिवसांत मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा.

संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन आणि मणक्याच्या एकाच हाडावर दाबलं की कळ, हे एकत्र दिसलं तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आधी तपासायचा. तो बहुतेकांचा गोळ्यांनीच बरा होतो, फक्त वेळेत सापडला पाहिजे. पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीला नव्याने कंबरदुखी लागली तर थांबू नका. पाळी गेलेल्या बाईला एसटी खड्ड्यात आदळल्यावर पाठीत कळ आली, तर मणका दबला असण्याची शक्यता असते, म्हणून आधी साधा एक्स-रे. दुखणं लाटांसारखं येत असेल, कुठल्याच कुशीवर चैन पडत नसेल आणि लघवीला जळजळ असेल, तर तो बहुधा मूतखडा.

आणखी एक प्रकार वर्षानुवर्षं सुटून जातो. वय चाळिशीच्या आत, तीन महिन्यांहून जुनी कंबरदुखी, सकाळी अर्धा तास किंवा जास्त अंग आखडलेलं, हिंडलं-फिरलं की मोकळं आणि बसलं-झोपलं की पुन्हा जड. हे सांध्यांच्या सुजेचं दुखणं असू शकतं. त्याची औषधं वेगळी असतात, म्हणून संधिवाततज्ज्ञांकडे जा.

तुमचं दुखणं कोणत्या प्रकारचं

वरचं काहीच नसेल तर पुढचा प्रश्न: दुखणं कमरेतच आहे की पायात उतरतं? कमरेत आणि फार तर कुल्ल्यापर्यंत असेल तर ते साधं दुखणं, मग ते कितीही तीव्र असो. कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत, पावलात वीज गेल्यासारखी कळ जात असेल, खोकताना-शिंकताना ती वाढत असेल, तर ती सायटिका. चकतीमधला मऊ गर बाहेर येऊन नसेला लागलेला असतो.

साठीनंतर तिसरा प्रकार दिसतो. थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, दुखतात, आणि ओट्यावर बसलं किंवा पुढे वाकलं की पाच मिनिटांत बरं वाटतं. नसांची वाट अरुंद झाल्याची ही खूण. हा फरक आत्ताच लक्षात ठेवा, कारण सायटिकाच्या अनेक रुग्णांना ज्या व्यायामाने आराम पडतो, तोच या लोकांना त्रास देतो.

पहिले दोन दिवस

झोपून राहायचंच असेल तर दोन दिवसांच्या वर नाही. त्याहून जास्त पडून राहिलं की स्नायू ढिले पडतात, सांधे आखडतात आणि भीती मुरते. झोपायचं ते कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन, किंवा पाठीवर, गुडघ्यांखाली जाड उशी ठेवून. जमिनीवर किंवा फळीवर झोपण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ जणांवर घेतलेल्या चाचणीत (२००३) कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना कमी दुखलं. तेव्हा नेहमीची गादी मध्ये खोल गेलेली नसेल तर तीच ठेवा.

पलंगावरून सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, गुडघे जवळ घ्या, पाय पलंगाखाली सोडता सोडता वरच्या हाताने गादीवर रेटा द्या. खांदा आणि कंबर एकदम वळली पाहिजे, लाकडाचा ओंडका वळावा तशी. लचक भरलेल्या माणसाला दिवसातली सगळ्यात मोठी कळ सकाळी उठतानाच येते, आणि ती एवढ्याने बरीच कमी होते.

शेक १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळूनच लावायची. जुना मधुमेह असेल आणि बधिरपणा असेल तर शेक दुसऱ्या कुणाला तरी हाताने तपासायला सांगा, चटका बसलेला कळतसुद्धा नाही. तेल हलक्या हाताने चोळायला हरकत नाही. पाय देणं, लाथ मारणं, कमरेवर उभं राहणं मात्र नको. हाडं ठिसूळ झालेली असतील तर मणका मोडतो, आणि चकतीचा गर आधीच बाहेर असेल तर आणखी रेटला जातो.

पहिल्या दिवसापासून चालायचं. घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. दुखलं तरी चालेल, फक्त कळ पायात आणखी खाली उतरता कामा नये. सलग अर्ध्या तासाहून जास्त बसायचं नाही.

गोळ्यांचं नेमकं काम

गोळी हालचालीसाठी मोकळीक देते, चकती किंवा स्नायू भरून आणत नाही. पॅरासिटामॉल निरुपद्रवी म्हणून सगळे घेतात, पण ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या मोठ्या चाचणीत ती घेणारे १७ दिवसांत बरे झाले आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणारे १६. सूज कमी करणाऱ्या गोळ्यांचा थोडा उपयोग होतो. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवल्यावर, दिवसातून दोन ते तीन वेळा, पाच ते सात दिवस, त्याच्या पुढे नाही. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, हृदयविकार, रक्त पातळ करणारं औषध, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नका.

चूक इथे होते: दुकानातून आणलेल्या पट्टीत डायक्लोफिनॅक असतं, डॉक्टरांनी दिलेल्या दुसऱ्या नावाच्या गोळीतही तेच असतं, आणि माणूस दोन्ही घेतो. पट्टीच्या मागचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. स्नायू सैल करणाऱ्या गोळीने झोप येते, ती घेऊन गाडी चालवायची नाही. नसांसाठी म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिनचा सायटिकावर उपयोग २०१७ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत दिसला नाही, चक्कर मात्र जास्त आली. ती आधीच चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. आणि नाव नसलेल्या पुड्या कुणी कितीही खात्रीने दिल्या तरी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. चार दिवस बरं वाटतं, पण वर्षभरात हाडं पोखरतात आणि साखर वाढते.

व्यायाम: कोणता, किती, आणि कधी थांबायचं

या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, आणि नेमका हाच अर्धवट केला जातो. कागदावर बारा व्यायाम छापून मिळतात, माणूस आठवडाभर करतो, सोडून देतो. त्यापेक्षा तीन-चारच करा, पण ठरल्याप्रमाणे.

पायात कळ उतरत असेल तर आधी न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी रूढ केलेली पद्धत करून बघा. सतरंजीवर पालथे पडा, दोन मिनिटं नुसते शांत. मग कोपरांवर या, पुन्हा दोन मिनिटं. हे सोसलं तर तळहात खांद्यांखाली ठेवून छाती वर उचला. कंबर आणि पाय जमिनीवरच सैल सोडलेले, सगळं काम हातांचं. वर एक क्षण थांबून खाली. असं दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. भुजंगासनासारखं दिसतं, पण भुजंगासनात पाठीचे स्नायू काम करतात, इथे पाठ पूर्ण मोकळी सोडायची.

दुखणं कोणत्या दिशेला सरकतं ते बघत राहायचं. पोटरीतली कळ मांडीपर्यंत आली, मांडीतली कुल्ल्यात आली, तर तुम्ही योग्य वाटेवर आहात, मग कमरेत थोडं जास्त दुखलं तरी चालेल. कमरेतलं कमी झालं आणि पावलात मुंग्या सुरू झाल्या, तर लगेच थांबा. हा व्यायाम तुमच्यासाठी नाही, फिजिओथेरपिस्टला गाठा. अरुंद वाट असलेल्या वयस्कर मंडळींनी तर याच्या उलट करायचं. पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी घेऊन २० सेकंद धरायचा, प्रत्येक बाजूला पाच वेळा. चालण्याऐवजी एका जागेवरची सायकल त्यांना जास्त मानवते, कारण तीवर बसताना पाठ पुढे झुकलेली असते.

तीव्र कळ ओसरली, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून, की पाठीला आधार देणाऱ्या स्नायूंचे तीन व्यायाम सुरू करा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅगिल यांनी पाठीवर कमीत कमी भार येईल असे ते निवडलेले आहेत.

पहिला: पाठीवर झोपा, एक गुडघा वाकवलेला, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली सरकवा. डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम उचला, खाली कागद सरकेल इतपतच. कमरेने हात दाबला जाऊ द्यायचा नाही आणि मान छातीकडे ओढायची नाही. शाळेत शिकवलेल्या, पूर्ण उठून बसण्याच्या बैठकांचा याच्याशी काही संबंध नाही. त्या कंबरदुखीत करूच नका.

दुसरा: कुशीवर, कोपर खांद्याच्या बरोबर खाली, गुडघे वाकवलेले. कंबर उचलून गुडघ्यापासून खांद्यापर्यंत एक रेघ करा. खांदा दुखायला लागला तर कोपर पुढे गेलंय असं समजा.

तिसरा: रांगण्याच्या अवस्थेत उजवा हात पुढे, डावा पाय मागे, मग उलट. पाय कमरेच्या उंचीपेक्षा वर न्यायचा नाही. पाय वर फेकला की कमरेत खोलगट बाक पडतो आणि दुखणं वाढतं. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला आहे आणि तो सांडायचा नाही, असं समजून करा.

तिन्हींत एकदा धरायचं ते जास्तीत जास्त दहा सेकंद, मग सोडून लगेच पुढचं. आधी सहा वेळा, थोडा दम खाऊन चार वेळा, मग दोन वेळा. मिनिटभर धरून थरथरत राहण्यापेक्षा हे बरं, थकलेला स्नायू पाठ सावरत नाही. रोज करा, पण झोपेतून उठल्याउठल्या नको. रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास वाकून केर काढणं, मोरीत कपडे घासणं, खाली वाकून नळाची कळशी उचलणं टाळा. एवढा एक बदलसुद्धा अनेकांना पुरतो.

कमरेला वजन लावून ताणणं, करंट, मशीनचा शेक आणि कायमचा पट्टा यांवर पैसे घालवण्याआधी हे वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. त्यात ट्रॅक्शन (वजन लावून ताणणं), पट्टे, अल्ट्रासाउंड मशीनचा शेक आणि करंटचं टेन्स मशीन यांची नेहमीच्या उपचारांत शिफारस करू नये असं म्हटलं आहे. पट्टा लांबच्या प्रवासापुरता दोन तास बांधलात तर बिघडत नाही.

रिपोर्टातली 'गॅप'

वरच्या धोक्याच्या खुणा नसतील तर पहिले सहा आठवडे एमआरआयची गरज नाही. कारण साधं आहे: त्यात काहीतरी दिसणारच. कधीही कंबर न दुखलेल्या लोकांचे फोटो एकत्र करून पाहिले तेव्हा पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या ३० टक्क्यांच्याही फुगलेल्या होत्या. केस पिकतात तशी चकती सुकते. 'गॅप' हा शब्द ऐकला की माणसाला वाटतं मणके सुटे झाले, वाकलो तर तुटेन. प्रत्यक्षात डॉक्टरांना म्हणायचं असतं की दोन मणक्यांमधलं अंतर कमी झालं आहे किंवा चकती थोडी बाहेर आली आहे. रिपोर्ट हातात आला की एकच विचारा: फोटोत दबलेली दिसते ती नस आणि माझा दुखणारा भाग जुळतो का? डावा पाय दुखतोय आणि फोटोत उजवीकडची नस दबलेली असेल, तर त्या फोटोवरून काही करू नये.

बाहेर आलेला गर शरीर स्वतःच खाऊन टाकतं, हेही लक्षात असू द्या. मोठा, तुटून सुटा झालेला तुकडा बऱ्याचदा लहानापेक्षा लवकर विरघळतो. म्हणून 'फार मोठी डिस्क आहे' एवढ्यावरून घाबरून तारीख घेऊ नका.

सहा आठवड्यांनीही पाय दुखतोय

व्यायाम नीट केला, तरी पायातली कळ झोपू देत नाही, अशा वेळी मणक्यातलं इंजेक्शन हा पुढचा टप्पा. पालथं झोपवतात, जागा बधिर करतात आणि सी-आर्म या एक्स-रे मशीनच्या पडद्यावर बघत सुई नसेजवळ नेऊन स्टेरॉइड सोडतात. काम १५ ते ३० मिनिटांचं, त्याच दिवशी घरी. आराम दोन दिवसांपासून आठवड्याभरात जाणवतो आणि काही आठवडे ते तीन महिने टिकतो. ते नसेची सूज उतरवतं, त्या काळात व्यायाम वाढवता येतो. नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलात तर तीन महिन्यांनी पुन्हा तिथेच. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, रोज मोजा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. पडद्याशिवाय, अंदाजाने देणाऱ्याकडून घेऊ नका. पायात न उतरणाऱ्या साध्या कंबरदुखीवर या इंजेक्शनचा फारसा उपयोग नाही.

मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यांचं दुखणं असेल, म्हणजे मागे वाकताना आणि वळताना कमरेतच दुखत असेल, तर त्या सांध्यांच्या बारीक नसा आधी बधिर करून पाहतात. काही तासांपुरता का होईना, निम्म्याहून जास्त आराम पडला, तरच सुईच्या टोकाने त्या सुमारे ८० अंशांवर तापवून बंद करतात. आराम सहा महिने ते वर्षभर, कारण नसा परत वाढतात. ही चाचणी न करता थेट नसा जाळण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. ओझोनची इंजेक्शनंही आपल्याकडे दिली जातात, पण त्यांच्यामागचा पुरावा कमी आहे.

मग ऑपरेशन कधी? नस कमजोर होत चालली असेल तर, किंवा सहा ते बारा आठवडे सगळं करूनही पायातली कळ तशीच असेल तर. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास (२००७) इथे कामाचा आहे. लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय दुखायचा लवकर थांबला, पण वर्षाअखेर ते आणि थांबून पाहिलेले, अशा दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं. म्हणजे घाई नाही आणि कमीपणाही नाही. वेदना किती सोसायची हे रुग्णाने ठरवायचं. तेव्हाही दुर्बिणीतून लहान छेदाने नुसता तुकडा काढता येतो का, हे आधी विचारा. स्क्रू-प्लेट टाकून मणके जोडणं हे मणका सरकत असेल किंवा वाकडा होत असेल अशा निवडक लोकांसाठी आहे.

पुन्हा धरू नये म्हणून

एकदा बरी झालेली कंबर वर्षभरात पुन्हा धरते, हे अनेकांच्या बाबतीत खरं. यावर सगळ्यात स्वस्त उपाय चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, फिजिओथेरपिस्टच्या मदतीने हळूहळू चालणं वाढवणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला साधारणपणे (मध्यक काढला तर) २०८ दिवस गेले, बाकीच्यांची ११२ दिवसांत धरली. मोजमाप सोपं आहे: रोज दहा मिनिटांपासून सुरुवात, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ, आणि शेवटी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. सोसायटीच्या आवारात, शेताच्या बांधावर, कुठेही. खंड पडला तर जिथे सोडलं तिथून नाही, एक पायरी मागून सुरू करा.

उचलण्याचं म्हणाल तर घरातलं सगळ्यात अवघड ओझं गॅस सिलिंडर. आत १४.२ किलो गॅस, टाकीचं वजन साधारण १५ किलो, म्हणजे भरलेला तीस किलोच्या आसपास. तो उचलायचाच नाही, तिरका करून त्याच्या तळाच्या कडेवर फिरवत न्यायचा. उंबरा आला तर दोघांनी धरायचा. हंडा, पोतं किंवा मूल उचलताना आधी जवळ जा, पाय थोडे फाकवा, गुडघ्यांत आणि कुल्ल्यात वाका, वस्तू पोटाला चिकटवा आणि मगच उठा. वळायचं असेल तर पावलं वळवा, कंबर पिळू नका. भाताची किंवा कांद्याची लावणी असेल तर दर वीस मिनिटांनी सरळ उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि पाच वेळा हलकेच मागे वाका. अरुंद वाटेचा त्रास असलेल्यांनी मात्र मागे न वाकता बांधावर दोन मिनिटं टेकायचं.